पक्ष्याचं नाव नंतर, आधी त्याचं अंग नीट बघा

दिवाळी सरली की नाशिकच्या पक्षीवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरत असतात. जायच्या आधी "नांदूरमधमेश्वरला पक्षी आले का?" (ते आपलं जवळचं पक्षी अभयारण्य) आणि जाऊन आल्यावर फोटोखाली "आयडी प्लीज", म्हणजे हा पक्षी कोणता ते सांगा. मला दोन्ही प्रश्न मनापासून आवडतात, कारण त्याचा अर्थ लोक घराबाहेर पडतायत, कॅमेरा नाही तर मोबाईल घेऊन का होईना पण वर बघतायत. पण त्या आयडी प्लीजच्या खाली कुणीतरी जाणकार लिहितो की "सुपरसिलियम बघा किती ठळक आहे, लोअर्स डार्क, प्रायमरी प्रोजेक्शन लांब" आणि विचारणारा थँक्यू लिहून मोकळा होतो, आणि पंधरा दिवसांनी तोच पक्षी परत, परत आयडी प्लीज. नाव मिळालं पण बघायचं काय ते मिळालंच नाही ना.

माझं म्हणणं एकच आहे आणि मी ते नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. नावं पाठ करू नका. आधी पक्ष्याचं अंग शिका. कुठल्या भागाला काय म्हणतात, तो भाग कशासाठी असतो, कधी बदलतो, हे एकदा कळलं की नजर आपोआप योग्य जागी जाते आणि नाव मागून येतं, नाही आलं तरी बिघडत नाही. कुठलंही पक्ष्यांचं पुस्तक उघडा, सुरुवातीलाच एका पक्ष्याचं चित्र असतं आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी रेषा काढून भागांची नावं दिलेली असतात. ते पान बहुतेक सगळे उलटून पुढे जातात. त्या पानावर आठवडाभर थांबा असं मी म्हणेन.

आणि त्यासाठी निफाडच्या थंडीत पहाटे चारला उठायची पण गरज नाही, बाल्कनीत पारवे असतातच. त्यांना हाकलायच्या आधी दोन मिनिटं बघा. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांवर एक पांढरट फुगीर भाग दिसेल, त्याला सेअर म्हणतात. घार, ससाणा, गरुड यांच्यात हाच भाग पिवळा दिसतो, पोपटांच्या कुळात पण असतो, आणि घरोघरी पिंजऱ्यात ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो ते खरे बजरीगर, त्यांच्यात मोठ्या नराचा सेअर निळा आणि मादीचा तपकिरी, म्हणजे नर मादी ओळखायला सगळा पक्षी सोडून तेवढाच ठिपका बघायचा. मग पारव्याच्या गळ्याखाली बघा, दाणे टिपून आला असेल तर तिथे फुगवटा दिसतो, ती क्रॉप म्हणजे अन्नाची पिशवी. पिल्लं झाली की याच पिशवीच्या आतल्या अस्तरातून दाट दुधासारखा स्राव तयार होतो आणि नर मादी दोघंही तो पिल्लांना भरवतात. नरसुद्धा! ज्यांना पारवे म्हणजे नुसती घाण वाटते त्यांना मी हे मुद्दाम सांगते. आणि कधी पारवा खिडकीच्या काचेवर आपटला तर काचेवर त्याचा पूर्ण पंखांसकट पांढरा ठसा उमटतो तो बघितलाय का? ती पावडर असते, काही खास पिसांची टोकं सतत झिजून तिची भुकटी होते आणि ती सगळ्या पिसांवर पसरते, बगळ्यांमध्येही अशी पिसं असतात.

बगळ्यांवरून आठवलं, चेहरा शिकायला बगळ्यांइतके चांगले मास्तर नाहीत. गंगापूर बॅकवॉटरला जा, सोमेश्वरच्या पुढे नदीकाठी जा, कुठेही चार प्रकारचे पांढरे बगळे असू शकतात आणि सगळ्यांना आपण नुसतं "बगळा" म्हणून सोडून देतो. गायबगळा आखूड मानेचा, जाड जबड्याचा, पिवळी चोच. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी, तो चिखलातून पाय उचलतो तेव्हा ती पिवळी बोटं चमकून दिसतात. खरी गडबड मध्यम आणि मोठ्या बगळ्यात होते. लोक चोचीचा रंग सांगतात, पण तो विणीच्या काळात बदलतो, दोघांचीही पिवळी चोच काळी होते, मग रंगावर भरवसा कसा ठेवणार? इथे बघायची ती जबड्याची फट, म्हणजे चोच जिथे उघडते ती रेषा चेहऱ्यावर कुठपर्यंत गेलीय. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली येऊन थांबते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्याही मागे जाते. बास. ही एवढीशी रेष कळली की लांबून उंचीचा अंदाज करत बसायला नको, आणि ती कुठल्याही ऋतूत बदलत नाही.

डोळा आणि चोच यांच्या मधली जी जागा असते ती लोअर. बगळ्यात ती उघडी कातडी असते आणि विणीच्या दिवसांत तिचा रंग पालटतो, मोठ्या बगळ्याची हिरवट निळसर होते, लहान बगळ्याची लालसर. त्याच सुमाराला पाठीवर लांब झिरझिरीत पिसं येतात, लहान बगळ्याला डोक्यामागे दोन लांब तुरे पण येतात. ह्याच पिसांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभर बगळे मारले गेले, युरोप अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर ती लावायची फॅशन होती, आणि पिसं विणीतच येतात म्हणून मारले जायचे ते घरट्यावरचेच, पिल्लं तशीच मागे मरायची. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये 1889 साली बायकांनीच संघटना उभी केली, तीच पुढे आरएसपीबी ही पक्ष्यांच्या संरक्षणाची संस्था झाली, आणि आपल्याकडून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला 1902 मध्ये सरकारने बंदी घातली. हे सगळं पिसांच्या एका प्रकारासाठी झालं. म्हणून कुणी विचारलं ना की ही असली बारीक नावं शिकून काय करायचंय, तर मला बगळ्याची ती पाठीवरची पिसं आठवतात.

डोळ्याच्या वरची पट्टी म्हणजे सुपरसिलियम, सरळ भुवई म्हणा. डोळ्यातून आरपार जाणारी रेघ ती आयलाइन. हिवाळ्यात आंब्या-बाभळीवर पानापानात सतत हलणारे जे हिरवट मातकट वटवटे येतात त्यांचा निम्मा निकाल या दोन रेघांवर लागतो. वारकरी म्हणजे कूट, त्याच्या कपाळावरची पांढरी टिकली ती फ्रंटल शील्ड, जांभळ्या पाणकोंबडीत तीच लाल. कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपका असतो, अगदी तांदळाएवढा, तो दिसला तर काळा कोतवाल नक्की, आणि राखी कोतवालात तो नसतो पण डोळा लालभडक असतो. हळदीकुंकू बदकाला तर आपल्या लोकांनी चोचीवरूनच नाव दिलंय, टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके.

आता पंख. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे आणि सगळ्यात जास्त मजा पण इथेच आहे.

पंख म्हणजे हातच. पक्षी बसलेला असतो तेव्हा छातीच्या बाजूला पंखाचा जो वाकलेला कोपरा पुढे आलेला दिसतो त्याला सगळे खांदा म्हणतात, पण ते मनगट आहे, खरा खांदा आत पिसांत लपलेला असतो. मनगटाच्या पुढे पंजाची हाडं, त्यांना चिकटलेली लांब पिसं ती प्रायमरी, बहुतेक पक्ष्यांत दहाच्या आसपास. कोपर ते मनगट या हाडावर असतात ती सेकंडरी. प्रायमरी पुढे ढकलतात, सेकंडरी वर उचलून धरतात, अगदी ढोबळ सांगायचं तर. आणि सेकंडरीच्या आत, अंगाजवळची जी असतात ती टर्शियल, पंख मिटला की ती वरून येऊन बाकीच्यांना झाकतात. मिटलेल्या पंखात टर्शियलच्या खालून प्रायमरीची टोकं किती बाहेर डोकावतायत ते म्हणजे प्रायमरी प्रोजेक्शन, आणि लांबचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांत ती सहसा लांब असतात, कारण लांब टोकदार पंख लांबच्या उड्डाणाला बरा पडतो. म्हणजे फांदीवर बसलेल्या एवढ्याशा पक्ष्याच्या पंखावर त्याच्या प्रवासाचा अंदाज दिसतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ फक्त तेच बघत होते.

चित्रबलाक बघितलाच असेल नांदूरमधमेश्वरला, पिवळी चोच, छातीवर काळा पट्टा. त्याच्या मागच्या बाजूला जी गुलाबी पिसं दिसतात, ज्याच्यामुळे तो फोटोत इतका देखणा येतो, त्याला लोक शेपटी म्हणतात. ती टर्शियल आहेत. शेपटी काळी असते, त्याच्या खाली. उडाला की लगेच कळतं, गुलाबी रंग पंखाबरोबर उघडतो.

मग अंगठा. हो, पक्ष्यालाही अंगठा असतो, मनगटापाशी, त्याच्यावर दोन ते पाच छोटी ताठ पिसं, त्यांना अल्युला म्हणतात. घार विजेच्या खांबावर उतरताना बघा, किंवा उतरतानाचा फोटो झूम करा, पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटा झुपका वेगळा उभा राहिलेला दिसेल. वेग कमी झाला की पंखावरून हवा सुटायला लागते आणि पक्षी पडायचा, अल्युला उघडली की तिच्या फटीतून हवा पंखाला धरून वाहते, म्हणून अगदी हळू होऊन नेमकं टोकावर उतरता येतं.

शिकारी पक्ष्यांत पंखाच्या टोकाची पिसं सुटी सुटी होतात त्यांना फिंगर्स म्हणतात आणि ती खरंच मोजायची असतात. हिवाळ्यात गवतावरून पाण्यावरून खालून खालून तरंगत जाणारे हॅरियर येतात, त्यात मार्श हॅरियरला पाच फिंगर्स, पॅलिड आणि माँटेग्यूला चार. माद्या आणि पिल्लं सगळी तपकिरीच असतात, तिथे रंग बघून डोकं दुखतं, बोटं मोजली की अर्धं काम झालं. अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं पण अशीच, पंखाची टोकं फाकलेली, कारण टोकाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि ते मागे ओढतात, सुट्या पिसांमुळे ती ओढ कमी होते आणि पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालता येतात. गिधाडांबद्दल एक सांगून पुढे जाते, डायक्लोफेनॅक म्हणजे जनावरांना द्यायचं वेदनाशामक औषध, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांना मारायचं, त्यावर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आली पण तोपर्यंत देशातली गिधाडं जवळपास संपली होती, त्यामुळे आज नाशिकच्या डोंगरात ती दिसतात हे फार मोठं आहे, कड्याच्या जवळ जाऊ नका, ड्रोन तर अजिबात नको, विणीच्या दिवसांत तर लांबूनच.

वंचकाबद्दल पण सांगायलाच हवं. तळ्याकाठी, गटाराकाठी पण, मातकट रेघांचा बगळा मान खांद्यात घालून बसलेला असतो, दगड आणि तो वेगळा कळत नाही. उडाला की एकदम पांढरा! पंख, शेपटी सगळं पांढरं, फक्त पाठ मातकट, आणि बसलेला असताना सगळं पांढरं त्या पाठीच्या पिसांखाली झाकलेलं असतं. विणीत पाठ गर्द मरून होते, तेव्हा तर ओळखीचे लोक पण विचारतात की हा नवीन कोण आला.

झाकणारी पिसं, कव्हर्ट्स, हा एक अख्खा वेगळा विषय आहे. मोठ्या पिसांच्या मुळांवर लहान पिसांच्या ओळी असतात, पंखावर असतात, शेपटीच्या वर असतात, शेपटीच्या खाली असतात, कानावर पण असतात. आणि यातलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मोर. मोराचा पिसारा ही मोराची शेपटी नाही! शेपटीच्या वरची कव्हर्ट्स आहेत ती, शंभराहून जास्त, वाढत वाढत दीड मीटरपर्यंत गेलेली. खरी शेपटी त्याच्या मागे असते, साधी तपकिरी, आखूड, ताठ, आणि पिसारा उभारतो तेव्हा तीच मागून आधार देते. येवल्याकडे किंवा सिन्नरच्या शेतांत मोर नाचताना दिसला आणि त्याने तुमच्याकडे पाठ केली तर नाराज होऊ नका, तीच बाजू बघा, शेपटी तिथेच दिसते. पाऊस सरताना हा सगळा पिसारा गळून जातो आणि नंतर परत नवा येतो.

शेपटीच्या खालची कव्हर्ट्स लाल असतील तर लालबुड्या बुलबुल, तो तर सोसायटीच्या जास्वंदीवर पण असतो. शिपाई बुलबुलाचं बूड पण लालच असतं बरं का, पण त्याच्या गालावर लाल ठिपका आणि डोक्यावर टोकदार तुरा, त्यामुळे नुसतं बूड बघून नाव सांगू नये.

नांदूरमधमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर एक गाईड दादा असतात, त्यांच्याकडून मी फार शिकलेय. एकदा मी दुर्बिणीतून बघत "दादा, तपकिरी आहे, पोटाशी पांढरट" असं काहीतरी सांगत होते तर ते म्हणाले, "ताई, रंग नका सांगू, रंग उन्हावर असतो. चोच केवढी, पाय कसे, शेपूट पंखाच्या पुढे गेली का ते सांगा." तेव्हापासून मी सकाळच्या तिरप्या उन्हात आणि ढगाळ हवेत रंगाला शेवटचा नंबर देते.

पाय कसे, हा प्रश्न तिथे जास्तच कामाचा आहे. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, आणि म्हणून तिथे इतके प्रकारचे पाय एका जागी बघायला मिळतात. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून त्याचं नाव जाहीर झालं ते उगाच नाही.

शेकाट्या बघा, लांबच लांब गुलाबी पाय, आणि गुडघा उलटा वाकतोय असं वाटतं. तो गुडघा नाहीये, घोटा आहे. पक्ष्याचा गुडघा वर पोटाशी पिसांत असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याच्या खाली जो लांब दांडा दिसतो तो टार्सस, म्हणजे आपलं पाऊल उभं धरल्यासारखं, आणि जमिनीवर टेकतात ती फक्त बोटं. सगळे पक्षी आयुष्यभर चवड्यावर चालतात. हे लहान मुलांना सांगितलं की ती लगेच तशी चालून बघतात, आमच्या सोसायटीतल्या पोरांनी तर पार्किंगमध्ये चवड्यावर चालायची शर्यतच लावली होती.

कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब की अंगाचं वजन पसरून तो तरंगत्या पानांवरून चालतो, आणि त्यांच्यात मादी मोठी, ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. वारकऱ्याच्या बोटांना पडदा नसतो, प्रत्येक बोटाच्या कडेला वेगळ्या पाळ्या असतात, पाय मागे मारला की उघडतात आणि पुढे आणताना मिटतात, म्हणून तो पोहतो पण आणि काठावर चरतो पण. टिबुकलीला पण पाळ्याच, पण तिचे पाय पार मागे शेपटीशी, बुडी मारायला उत्तम आणि जमिनीवर चालायला अवघड, त्यामुळे ती काठावर जवळपास येतच नाही. बदकाला पुढच्या तीन बोटांत पडदा, पाणकावळ्याला आणि पेलिकनला चारही बोटं पडद्याने जोडलेली.

झाडावर आलो तर बहुतेकांची तीन बोटं पुढे, एक मागे. सुतार, तांबट, पोपट, कोकिळ, भारद्वाज यांची दोन पुढे दोन मागे. पाकोळी आणि भिंगरी लोक नेहमी एकच समजतात, आकाशात दोन्ही तशाच गिरक्या घेतात, पण भिंगरी तारेवर बसते, ओळीने बसते. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही, तिची चारही बोटं पुढे वळतात, ती फक्त भिंतीला, कातळाला, पुलाच्या पोटाला नख्या रोवून लटकते. म्हणून तारेवर दिसली की भिंगरी, यात वाद नाही.

पिसाबद्दल थोडं. रस्त्यात पडलेलं एखादं कावळ्याचं पीस फक्त निरखून बघा, मधला दांडा, दोन्ही बाजूंना तिरपे तंतू, त्या तंतूंना अजून बारीक तंतू आणि त्यांना डोळ्याला न दिसणारे आकडे. हे आकडे एकमेकांत अडकतात, जॅकेटच्या चेनसारखे, म्हणून पीस फाटलं की चोचीतून ओढून परत सांधता येतं. पक्षी दिवसभर जे पिसं साफ करत बसतो, प्रीनिंग म्हणतात ते, त्यातलं मोठं काम हेच असतं, आणि शेपटीच्या मुळावर एक तेलाची ग्रंथी असते तिथे चोच घासून ते तेल सगळीकडे फिरवायचं. पाणकावळा मात्र बाहेर येऊन पंख पसरून वाळवत बसतो, कारण त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, आतला कोरडा राहतो. भिजल्यामुळे हवा कमी अडकते आणि बुडी सोपी होते, म्हणजे ज्याला आपण कमतरता म्हणतो तीच त्याला मासे धरायला कामाला येते.

रंगाचं पण असंच आहे, नीलपंखाच्या निळ्या पिसात निळा रंग नसतोच, पिसाच्या आतली रचनाच अशी असते की उजेडातला निळा भाग परत फेकला जातो. पोपटाचा हिरवा म्हणजे हीच रचना आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य. काळा मात्र खरा काळा, मेलॅनिन, आणि त्याने पीस चिवट होतं, कमी झिजतं, म्हणून कितीतरी पांढऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात.

वागणं पण अंगावरूनच येतं हे लक्षात ठेवलं तर दोन्ही एकदम शिकता येतं. थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू ही वरवर चरणारी बदकं, डोकं पाण्यात आणि शेपूट वर, आणि उडायचं असेल तर जागेवरून सरळ वर उठतात. बुडी मारणाऱ्या बदकांचे पाय मागे असतात, त्यांना उडायला पाण्यावर पळावं लागतं, वारकरी पण तसाच पळत उठतो. मार्श हॅरियर आला की वारकरी पांगायच्या ऐवजी पाण्यात एकत्र गोळा होतात, दाट घोळका करतात, कारण एकटा दिसेल त्याला तो उचलतो. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबते, कवड्या खंड्या पण तसाच पाण्यावर थांबतो आणि मग सरळ खाली, बाकीच्या खंड्यांपेक्षा हा लांबूनच कळतो तो या सवयीमुळे. आणि टिटवी, उघड्या माळावर अंडी घालते, आपल्याकडे एप्रिल मे मध्ये काय ऊन असतं माहितीये, तर ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. शेतात अशी टिटवी वारंवार पाण्याकडे जाताना दिसली तर घरटं जवळच आहे, पाय जपून टाका, आणि ट्रॅक्टरवाल्या काकांना पण सांगा.

शेवटचं, पिसं बदलणं, मोल्ट. हे कळल्याशिवाय नोव्हेंबरमधली बदकं कळणारच नाहीत. बदकं वर्षातून एकदा पंखाची सगळी मोठी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी भडक रंग म्हणजे मरणच, म्हणून त्याच सुमाराला नर मादीसारखे मातकट होतात, त्याला एक्लिप्स म्हणतात. हे सगळं तिकडे उत्तरेत होतं, पण मोसमाच्या सुरुवातीला आपल्याकडे पोचतात तेव्हा बरेच नर अजून त्याच कपड्यात असतात. मग लोक म्हणतात यंदा नुसत्या माद्याच आल्यात. थापट्याचा नर हिवाळ्यातच हळूहळू हिरव्या डोक्याचा होत जातो, पण भुवई बदक म्हणजे गार्गनी सगळ्यात उशिरा, त्याच्या डोळ्यावरची ती पांढरी रुंद भुवई फेब्रुवारी मार्चकडे पूर्ण दिसते, परत जायच्या तोंडावर. तोपर्यंत नर ओळखायचा कसा? त्याच्या पंखाच्या पुढच्या भागावरची कव्हर्ट्स बाराही महिने फिकट निळसर राखी असतात, मातकट कपड्यात असताना सुद्धा. बसलेला असताना ती झाकलेली असतात, म्हणून थवा उठेल तेव्हाच दिसतात. आणि मुद्दाम थवा उठवायचा नाही, हॅरियर ते काम दिवसातून कितीतरी वेळा करतो, आपण मनोऱ्यावर थांबायचं. त्यामुळे आत्ता नोव्हेंबरात जाऊन आलात तरी फेब्रुवारीच्या शेवटी परत एकदा जा, तीच बदकं असतील, आणि ह्या वेळी फोटोखाली आयडी प्लीज लिहायच्या आधी भुवई किती भरलीय ते लिहा, मी वाचते सगळ्यांचं.